६० लिटरचा इथेनॉल-बायोडिझेल संच: टाकी चांगली, कंडेन्सर अपुरा

रबाळे एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात हा संच बनतो. गिऱ्हाईक म्हणजे ठाणे-नवी मुंबईतले फरसाणवाले, केटरिंगची मोठी स्वयंपाकघरं आणि कॉलेजच्या प्रयोगशाळा. तळणाचं उरलेलं तेल आणि उसाच्या मळीपासून केलेलं इथेनॉल एकत्र घालून डिझेल इंजिनात चालेल असं इंधन काढता येतं, असं विक्रेता सांगतो आणि त्यात खोटं काही नाही. अडचण वेगळी आहे. संचाची आखणी मिथेनॉल या दुसऱ्या अल्कोहोलची आहे, लेबल इथेनॉलचं. मिथेनॉल जे माफ करतं ते इथेनॉल करत नाही. टाकी घेण्याजोगी आहे, पण कंडेन्सर (वाफ थंड करून पुन्हा द्रव करणारा भाग), तापमानाचा कंट्रोल आणि अल्कोहोल कोरडं ठेवायची सोय यांचा खर्च वेगळा धरूनच कोटेशन मागा.

तेलात अल्कोहोल आणि कॉस्टिक पोटॅश ही तीव्र अल्कली घातली की तेलाचं एस्टर, म्हणजे बायोडिझेल, होतं आणि ग्लिसरीन वेगळं पडतं. आधी इथेनॉल कशाला, ते सांगायला हवं. मिथेनॉलनं काम पटकन होतं, ग्लिसरीन लवकर खाली बसतं. पण ते जहाल विष आहे, कातडीतूनही शरीरात जातं, आणि बहुतांशी नैसर्गिक वायूपासून बनतं. इथेनॉल वापरलं की इंधनाचे दोन्ही घटक शेतातून येतात. हा प्रकार नवाही नाही. जी. शावान या बेल्जियन संशोधकानं १९३७ मध्ये पामतेलाच्या इथाइल एस्टरचं, म्हणजे इथेनॉल वापरून केलेल्या बायोडिझेलचं, पेटंट घेतलं, आणि १९३८ मध्ये त्याच इंधनावर ब्रसेल्स ते लूवेन बस धावली. म्हणजे बायोडिझेलची सुरुवातच वनस्पतीजन्य अल्कोहोलपासून झाली. इथाइल एस्टर थंडीत मिथाइलपेक्षा जरा उशिरा गोठतं, हाही फायदा. मात्र ठाण्याच्या हवेत त्याचं फारसं कौतुक नाही.

आता संचात काय मिळतं ते. एसएस ३०४ या स्टेनलेस स्टीलची ६० लिटरची टाकी, तळ शंकूसारखा उतरता, २ किलोवॅटचा हीटर, अर्ध्या एचपीचा फिरवणारा पंप, कॉस्टिक पोटॅश विरघळवायला २० लिटरची एचडीपीई प्लास्टिकची टाकी, बाजूला पातळी दाखवणारी पारदर्शक नळी, झाकणावर वाफेचा पाइप आणि एसएसची कॉइल बुडवलेली २० लिटरची बादली. बादली म्हणजेच कंडेन्सर.

वेल्डिंग खरंच सुबक आहे. आतून शिवण घासून गुळगुळीत केलेली असल्यामुळे शंकूच्या टोकाशी ग्लिसरीन अडकून राहत नाही. तळाचा उतार पुरेसा तीव्र आहे, दाट थर सगळाच्या सगळा व्हॉल्व्हकडे सरकतो. साध्या सपाट तळाच्या ड्रममध्ये दोन-तीन लिटर माल दर वेळी मागे राहतो आणि पुढची बॅच बिघडवतो. इथे तो त्रास नाही.

खालचा बॉल व्हॉल्व्ह मात्र पितळेचा दिलाय. तांबं आणि तांब्याचे मिश्रधातू बायोडिझेल लवकर खराब करतात, इंधन काळवंडतं आणि चिकट होतं. तिथे एसएसचा व्हॉल्व्ह मागून घ्या. झाकणाचं गास्केट नायट्राइल रबराचं आहे. बायोडिझेलनं ते फुगतं आणि मऊ पडतं, म्हणून व्हिटॉनचं लावा. पातळीची नळी साध्या पीव्हीसीची असते आणि काही दिवसांतच कडक होऊन सांध्यापाशी तडकते. तिच्या दोन्ही टोकांना छोटे व्हॉल्व्ह हवेत, नाहीतर नळी तडकली की सगळी टाकी जमिनीवर.

सोबतच्या माहितीपत्रकात ४० लिटर तेल घ्या असं लिहिलंय. नका घेऊ, ३५ लिटरच घ्या. हिशेब असा: एका लिटर तेलाला, म्हणजे साधारण ९२० ग्रॅमला, इथेनॉल ६:१ या रेणूंच्या प्रमाणात (तेलाच्या एका रेणूला इथेनॉलचे सहा) सुमारे ३६५ मिलि लागतं. ४० लिटर तेलाला साडेचौदा लिटर. मिळून टाकीत साडेचोपन्न लिटर झाले. शेवटी उरलेलं इथेनॉल वाफ करून उडवताना फेस आला की तो थेट कॉइलमध्ये जातो. ३५ लिटर तेल आणि १२.७ लिटर इथेनॉल घेतलं तर वर बारा लिटरची मोकळी जागा राहते.

तेलाची तयारी हा अर्धा विजय. वडापाव-भजीच्या कढईतल्या तेलात पीठ, मीठ आणि पाणी असतं. आठवडाभर निवळू द्यावं, वरचं ओतून घ्यावं आणि आदल्या संध्याकाळी ११० अंशांपर्यंत तापवून झाकण उघडं ठेवून फिरवत राहावं. ३५ लिटरला २ किलोवॅटच्या हीटरवर साधारण तास लागतो. चाचणी सोपी आहे: गरम तव्यावर चार थेंब टाका, तडतडलं तर पाणी अजून आहे. टाकीत इथेनॉलचा अंश नसेल तेव्हाच हे काम करायचं. आधीच्या बॅचचं अल्कोहोल आत असताना ११० अंशांवर जाणं म्हणजे आगीला आमंत्रण.

तेल कुठून आणायचं तेही नीट बघा. एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हापुन्हा तापवल्यानं वाढतात ते) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल तळणाला वापरता येत नाही, आणि त्याच वर्षी असं तेल बायोडिझेलकडे वळवण्यासाठी रुको हा उपक्रम सुरू झाला. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवायची असते. त्यामुळे मोठ्या स्वयंपाकघरातून तेल घेताना लेखी नोंद करूनच घ्या. हे तेल पुन्हा कोणाच्या तरी कढईत जाण्यापेक्षा टाकीत आलेलं केव्हाही चांगलं.

मग टायट्रेशन, म्हणजे तेलात मोकळी आम्लं किती आहेत ते मोजणं. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक पोटॅश. एक मिलि तेल दहा मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा, फिनॉल्फ्थॅलीनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या रंगाचे) दोन-तीन थेंब टाका, आणि गुलाबी रंग पंधरा-वीस सेकंद टिकेपर्यंत पोटॅशचं पाणी थेंबाथेंबानं सोडा. जितके मिलि लागले तितके ग्रॅम पोटॅश दर लिटरमागे जास्तीचं. बटाटावड्याच्या तेलात इथे एक गोम आहे. हळद तेलात उतरलेली असते, आणि अल्कलीनं हळद लालसर होते. ती लाली गुलाबी समजून माणूस अर्धा मिलि आधीच थांबतो आणि बॅच अर्धवट राहते. अशा तेलाला रंगावर न जाता पीएच मीटरवर ८.५ ला थांबा. संचासोबत रंगाची बाटली मिळते, मीटर मिळत नाही.

आकडा दोनच्या आत असेल तर इथेनॉलनं काम निभतं. तीनच्या वर गेला तर थेट प्रयत्न करू नका, साबणच हाती येईल. आधीच्या बॅचचं ग्लिसरीन, ज्यात पोटॅश शिल्लक असतं, अशा तेलात तासभर फिरवून खाली बसू द्या. मोकळी आम्लं बरीचशी ते घेऊन जातं. त्यानंतर पुन्हा टायट्रेशन.

९० टक्के शुद्धतेच्या पोटॅशच्या पापड्या असतील तर दर लिटर तेलाला ९ ग्रॅम धरा, त्यात टायट्रेशनचा आकडा मिळवा. आकडा दोन आला तर ११ गुणिले ३५, म्हणजे ३८५ ग्रॅम. पापड्या ८५ टक्क्यांच्या असतील तर ९ च्या जागी साडेनऊ. कॉस्टिक सोडा स्वस्त पडतो, पण इथेनॉलमध्ये तो नीट विरघळत नाही. त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता सगळ्यात जास्त बॅचेस जिथे वाया जातात तो मुद्दा: पाणी. ९५ टक्क्यांचं स्पिरिट वापरलं तर १२.७ लिटरमध्ये पाऊण किलोहून थोडं जास्त पाणी असतं. एवढ्या पाण्यात पोटॅश तेलाचा साबण करून मोकळं होतं, आणि टाकीत पिवळसर खळ शिजल्यासारखं काहीतरी उरतं. साध्या उर्ध्वपातनानं हे पाणी जात नाही, कारण वजनानं ९५.६ टक्क्यांपाशी इथेनॉल आणि पाणी ७८.२ अंशांवर एकत्रच उकळतात. त्यामुळे ९९.५ टक्के किंवा त्याहून कोरडं इथेनॉलच विकत घ्या. नाहीतर ३ए जातीच्या मॉलिक्युलर सिव्हच्या दाण्यांवर वाळवा. त्यांची छिद्रं ३ अँगस्ट्रॉमची असतात, पाण्याचा रेणू आत शिरतो, इथेनॉलचा बाहेर राहतो. वरच्या बॅचला सुमारे सहा किलो कोरडे दाणे लागतात, आणि दाणे भरलेलं अल्कोहोल बंद डब्यात रात्रभर ठेवावं लागतं. संचासोबत सिव्हची एक छोटी पिशवी देतात. ती कमी पडते, हे विक्रेत्यानं आधी सांगायला हवं. वापरलेले दाणे २५० अंशांवर तापवून परत कामाला येतात, पण आधी त्यांच्यातलं अल्कोहोल मोकळ्या हवेत पूर्ण उडू द्या. ओलसर दाणे ओव्हनमध्ये ठेवणं धोक्याचं आहे.

पोटॅश विरघळतानाही थोडं पाणी तयार होतं, ३८५ ग्रॅमला शंभरेक ग्रॅमपर्यंत. ते टाळायचं तर तयार सोडियम इथॉक्साइडचं इथेनॉलमधलं द्रावण मिळतं, महाग आहे पण प्रयोगशाळेला परवडेल. आणि पावसाळ्याचं विसरू नका. जुलैत पोटॅशचा डबा उघडा ठेवला तर पापड्या बघता बघता चिकट होतात, इथेनॉलही हवेतलं पाणी ओढतं. दोन्ही मापून झाल्या झाल्या बंद.

पोटॅश इथेनॉलमध्ये विरघळायला अर्धा तास घेतं आणि द्रावण गरम होतं. एचडीपीईची टाकी याला योग्य आहे. ॲल्युमिनियमचं भांडं चुकूनही नको, हायड्रोजन वायू सुटतो. द्रावण आधी फिकट पिवळं दिसतं, ठेवून दिलं की चहाच्या रंगाकडे जातं आणि दुसऱ्या दिवशी तांबूस तपकिरी. इथेनॉलमधल्या अल्डिहाइडची ती करामत. रंगानं बॅच लगेच बिघडत नाही, पण करून ठेवलेलं द्रावण वापरू नये. ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी करा.

तेल ६५ अंशांवर आणायचं, द्रावणाचा तीन चतुर्थांश भाग हळूहळू सोडायचा, तासभर फिरवायचं. इथे संचाचा थर्मोस्टॅट आड येतो. साध्या कॅपिलरी थर्मोस्टॅटचा चालू-बंद होण्यातला फरक सहा-सात अंशांचा असतो. ७० ला लावला की आतलं तापमान ७६-७७ पर्यंत झेप घेतं, आणि इथेनॉल ७८.४ ला उकळतं. तापमान मोजणारा पीटी-१०० सेन्सर आणि हीटर नेमका आवरणारा पीआयडी कंट्रोलर लावले तर हा प्रश्नच राहत नाही. एक गोष्ट आणखी: हीटर टाकीत थेट बुडवलेला आहे आणि पातळी खाली गेली की तो बंद करणारा लेव्हल स्विच नाही. तळातून माल काढताना कोणी हीटर बंद करायला विसरलं, तर उघडी पडलेली तापलेली कॉइल आणि अल्कोहोलची वाफ समोरासमोर येतात. लेव्हल स्विच ही सोय नाही, गरज आहे.

आता थर बसण्याचं. मिथेनॉलमध्ये पंधरा मिनिटांत काळसर ग्लिसरीनची रेघ दिसते. इथेनॉलमध्ये नळीपाशी टॉर्च धरून बसलं तरी तासन्‌तास काही दिसत नाही, सगळं एकसारखं तांबूस. कारण उरलेलं इथेनॉल ग्लिसरीन आणि एस्टर दोघांनाही एकत्र धरून ठेवतं. माहितीपत्रकात ‘रात्रभर निवळू द्या’ एवढंच आहे. तसं केलं तर सकाळीही तेच दिसण्याची शक्यता जास्त. करायचं असं: आधीच्या बॅचचं ग्लिसरीन, ते नसेल तर बाजारातलं शुद्ध ग्लिसरीन, दोन ते तीन लिटर टाकून दहा मिनिटं फिरवा आणि थांबा. बहुतेक वेळा रेघ दिसू लागते: वर मधाच्या रंगाचा थर, खाली कोऱ्या चहासारखा. खालचा काढून टाका, उरलेलं द्रावण घालून पुन्हा अर्धा-पाऊण तास चालवा, परत निवळू द्या. खालून एकंदर चार-पाच लिटर, शिवाय तुम्ही घातलेलं ग्लिसरीन, बाहेर यायला हवं. दोन लिटरच आलं तर प्रक्रिया अर्धवट आहे.

ग्लिसरीन काढल्यावरच जादा इथेनॉल उडवा. हा क्रम महत्त्वाचा आहे. ही प्रक्रिया उलटीही चालते. पोटॅश आणि ग्लिसरीन आत असताना अल्कोहोल काढून घेतलं, तर एस्टर परत तेलाच्या दिशेनं सरकतं. तासभर केलेली मेहनत अर्ध्या तासात मागे जाते.

बादलीचा कंडेन्सर इथे उघडा पडतो. दिलेल्या इथेनॉलपैकी निम्मं प्रक्रियेत लागतं, निम्मं, म्हणजे सहा लिटरहून थोडं जास्त, उरतं. ते सगळं वाफ करून परत थंड करायला सुमारे ४.८ मेगाज्यूल उष्णता पाण्यानं घ्यावी लागते. २० लिटरची बादली ३० वरून ६० अंशांवर जाईपर्यंत जेमतेम अडीच मेगाज्यूल घेते. म्हणजे निम्मं काम झालं की बादली हात भाजण्याइतकी गरम, आणि पुढची वाफ न थंडावता सरळ गाळ्यात. तिथे शेजारी साधी मोटर चालू आहे. हा दोष पैशाचा नाही, जिवाचा आहे. २०० लिटरचा ड्रम ठेवून पाणी फिरवलं तर पाण्याचं तापमान सहा अंशसुद्धा वाढत नाही. कॉइल चांगली आहे, ती ड्रममध्ये तशीच बसवता येते. कंडेन्सरचं दुसरं टोक नेहमी उघडं ठेवा, त्यावर व्हॉल्व्ह लावू नका. परत मिळालेलं इथेनॉल ओलं असतं, सिव्हवरून गेल्याशिवाय पुढच्या बॅचला चालत नाही.

धुण्यासाठी झाकणात फवाऱ्याचं नोझल आहे आणि ते उत्तम काम करतं, अल्कोहोल पूर्ण निघालं असेल तर. नसेल तर पाणी पडताच टाकीत दही लागतं, पाणी आणि इंधन वेगळं होत नाही. तसं झालं तर कोमट मिठाचं पाणी घालून शांत ठेवा, ढवळू नका. पहिलं पाणी थोडंसं सायट्रिक ॲसिड घातलेलं, पुढची साधी, शेवटचं स्वच्छ दिसेपर्यंत. मग १०० अंशांवर वाळवा, काचेच्या बरणीतून पलीकडचं छापील वाचता आलं पाहिजे.

चाचणी: तीन मिलि इंधन, २७ मिलि मिथेनॉल, हलवून पाच मिनिटं. तळाला थेंब जमला तर तेल शिल्लक आहे. दोन्ही २० ते २२ अंशांवर असायला हवीत. मे महिन्यात ३३ अंशांच्या खोलीत केलेली चाचणी कच्चा मालही पास करते. बाटल्या आधी गार पाण्यात ठेवा. मिथेनॉल एवढ्यापुरतंच, हातमोजे घालून. सगळं जमलं तर ३५ लिटर तेलाला ३२ ते ३४ लिटर इंधन अपेक्षित धरा. जनरेटरला सुरुवातीला डिझेलमध्ये ५ ते २० टक्के मिसळा आणि पहिले काही आठवडे डिझेल फिल्टर हाताशी ठेवा, टाकीतला जुना मळ सुटून तो तुंबतो.

मोटर फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीनं बाहेरची वाफ पेटू न देणारी) नाही. इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेटू शकते ते किमान तापमान, १३ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे वर्षभर ते पेटायला तयारच असतं. फ्लेमप्रूफ मोटर, टाकीला वेगळं अर्थिंग, अल्कोहोलला चालणारा फोम सिलिंडर आणि दोन बाजूंनी हवा खेळणारी शेड यांच्याशिवाय हा संच सुरू करू नका. राहत्या सोसायटीत, बेसमेंटमध्ये तर मुळीच नाही. इथेनॉल बाळगायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो इंधनाच्या नावाखालीही लागू होतो. विक्रेता याबद्दल अवाक्षर काढत नाही. इंधन विकायचं असेल तर त्याची परवानगी आणखी वेगळी.

धुण्याचं पाणी अल्कलीचं आणि साबणाचं असतं. ते गटारात सोडलं की शेवटी ठाणे खाडीत जातं. ही खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पीएच सातवर आणा आणि ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प) असलेल्या ठिकाणीच द्या. ग्लिसरीनमधलं इथेनॉल काढून फॉस्फोरिक ॲसिडनं पोटॅश मारलं तर खाली पोटॅशियम फॉस्फेट बसतं, ते खत म्हणून वापरता येतं.

गाळ्यातली माणसं कामाला चोख आहेत. ऑर्डरच्या वेळी सांगितलं तर एसएसचा व्हॉल्व्ह, व्हिटॉनचं गास्केट, पीटी-१०० साठी अर्ध्या इंचाचा सॉकेट आणि लेव्हल स्विचची जागा टाकीतच करून देतात. हे आधीच सांगा. टाकी घरी आणून एकदा इथेनॉल भरलं, की पुढे प्रत्येक सॉकेटसाठी ती रिकामी करून, पाण्यानं काठोकाठ भरून, पुन्हा रिकामी करून आणि वाफ पूर्ण गेल्याची खात्री करूनच वेल्डिंगला न्यावी लागते.